दुधाच्या खोक्याची आतली बाजू

९ जून, कोफू

...आणि हो, आधी विसळायचं, मग कापायचं, मग परत धुवायचं, हे तू सांगायचीस तेच बरोबर होतं. मी कापून एकदाच धुवत होते. घडीत राहिलेलं दूध आंबलं आणि असा वास सुटला की आई म्हणाली, "कोहारु, तुझं पर्यावरण नासलंय बघ."

सॉरी वहिनी, मी एकदम मधूनच सुरू केलं. दीड वर्षानं पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करतात मला माहीत नाही. 'कशी आहेस' असं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. कुठल्या तोंडानं विचारू? कागदोपत्री तू आता माझी वहिनी पण नाहीस. पण दुसरं काही म्हणवत नाही.

पत्ता तुझ्या नव्या वर्षाच्या कार्डावरून उतरवून घेतला होता. दादानं ते कार्ड कपाटात वर ठेवून दिलं. फाडलं नाही, एवढं सांगते.

तुझी मुलं मजेत आहेत. म्हणजे, जेवतात, झोपतात, भांडतात. हिना आता 'आत्या' स्पष्ट म्हणते. इत्सुकी बालवाडीच्या मोठ्या गटात आहे, अक्षरं लिहायला लागलाय. दोन अक्षरं अजून उलटी काढतो.

पत्राचं कारण असं की मला कॉलेजमधून एक प्रोजेक्ट आहे. तुला माहितीये ना मी बालवाडी शिक्षिकेचा कोर्स करतेय? तर घरच्या घरी लहान मुलांबरोबर पर्यावरणासाठी दहा छोट्या गोष्टी करायच्या आणि वहीत नोंदी ठेवायच्या. मला तर हे असलं काही म्हटलं की चेवच येतो. आंघोळीचं उरलेलं पाणी छोट्या बादल्यांनी गॅलरीत न्यायचं, ते कारल्याला घालायचं. (वेल अजून गुडघ्याएवढाच आहे. जुलैपर्यंत खिडकी झाकेल, मग एसी कमी लागेल असा प्लॅन आहे.) जुन्या टॉवेलची फडकी झाली. आणि दुधाची खोकी. इत्सुकी विसळतो, मी कापते, हिना त्यावर उभी राहून ती सपाट करते. मग तिघं मिळून सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत टाकून येतो.

परवा त्यानं विचारलं, "आत्या, ही कुठे जातात?"

मी लगेच पेटीवरचं माहितीपत्रक दाखवलं. बाण, ट्रक, कारखाना, बाण, टॉयलेट रोल. मी वाचून दाखवलं, "ही खोकी फुजी शहरात जातात."

तो पत्रकाला नाक लावून जागच्या जागी उभा राहिला. मला वाटलं शू लागली असेल.

वहिनी, नोव्हेंबरमधल्या त्या शेवटच्या भेटीत तू त्याला सांगितलं होतंस ना, की आई आता डोंगराच्या पलीकडे फुजी शहरात असते आणि दुधाच्या खोक्यांचा कागद करते? हे मला परवाच कळलं. त्यानंच सांगितलं, घरी येताना, रस्त्यात. तेवढं एकच वाक्य बोलला आणि मग घरापर्यंत माझं बोट सोडलं नाही.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

कोहारु


२८ जून

वहिनी,

घरात टॉयलेट रोल पुरत नाहीत. आईनं आधी माझ्यावर संशय घेतला, मग दादावर. "पोट कुणाचं बिघडलंय ते एकदा सांगून टाका, मी पेज करते."

काल तिनं चोर पकडला. दाराबाहेर उभी राहून ओरडत होती, "इत्सुकी! अरे आत बसून कापडाचं ठाण मोजतोयस का?"

"संपला की येतो, आजी."

"काय संपला?"

मी दार उघडलं. सगळा रोल उलगडलेला. तो जमिनीवर बसून वीतवीत कागद डोळ्यांपुढून सरकवत होता. दोन्ही बाजूंनी. आणि बघून झालेला भाग परत नीट गुंडाळत होता, कारण वाया घालवायचा नाही असं मीच शिकवलंय.

"काय शोधतोयस?"

"उत्तर."

"कसलं?"

मी एवढं साधं विचारतेय म्हणून तो वैतागलाच. "आईचं! मी खोक्यात आतून लिहितो ना. ते फुजीला जातं. आई त्याचा कागद करते. मग ती त्याच्यावरच लिहिणार ना!"

"कधीपासून लिहितोयस?"

"तू दाखवलंस तेव्हापासून. सपाट केल्यावर वरचं एक मी घेतो. तू हिनाला चप्पल घालत असतेस तेव्हा."

वहिनी, यात चूक कुठे आहे सांग. मी रात्रभर शोधली. खोकी फुजीला जातात, खरं. तू फुजीला आहेस, खरं. तू त्याच कामावर आहेस, खरं. आमच्या घरातला कागद तिथूनच येतो, पाकिटावर छापलंय. दोन आणि दोन त्यानं केले. पहिले दोन मी दिले, दुसरे दोन तू.

आई मागून म्हणाली, "घे. कर अजून प्रोजेक्ट." पण मग खाली बसून ती त्याला रोल गुंडाळायला मदत करू लागली. कधीच बसत नाही ती जमिनीवर, गुडघ्यांमुळे.

त्यानं मला विचारलं, "येईल ना?"

मी हो नाही म्हटलं. पण नाही पण नाही म्हटलं. म्हटलं, "कारखाना खूप मोठा असतो रे."

"मग वेळ लागेल," तो म्हणाला. मलाच समजावत होता.

भेटी बंद का झाल्या हे मी दादाला विचारलं होतं एकदा. म्हणाला, इत्सुकी तुला भेटून आला की तीन दिवस जेवत नाही, डोळ्यांनी बघवत नाही. मग मी काय बोलणार? मी या घरात कोण? शिकणारी मुलगी, आई-दादाच्या ताटात जेवणारी.

एक ओळ पाठव ना. कशावरही. मी ती कशी पोचवायची ते बघते.

कोहारु


१७ जुलै

वहिनी,

अडतीस डिग्री. कारल्यानं खिडकी झाकली, पण एसी काही कमी झाला नाही. आई म्हणते, "वेल पण घामाघूम झालाय." हिना रोज एक कारलं मोजते. एकच. तेच.

आज एक झालं.

सुपरमार्केटमध्ये मोचिझुकी म्हणून एक बाई आहेत, साठीच्या, पेट्या रिकाम्या करतात. त्यांनी मला हाक मारली, "अगं ए, कारल्याच्या गॅलरीवाली! जरा इकडे ये."

काउंटरखालून एक पिशवी काढली. पिशवीत खोकी. उघडलेली, सपाट, अकरा.

"ही तुमच्याकडचीच ना? मेणखडू चालत नाहीत गं. मेण कागदात जातं, मग ट्रकवाला परत देतो. फेकणार होते मी. पण वाचलं गेलं." मग हळू आवाजात, "त्याची आई वारली का?"

"नाही, नाही! चांगली आहे."

"मग?"

मी वाकून थँक्यू म्हटलं आणि पिशवी घेऊन पळाले.

म्हणजे एकही गेलं नव्हतं. पाच आठवडे तो रोल उलगडत होता आणि पत्रं इथेच होती, भाजीच्या काउंटरखाली.

ती आता माझ्या खणात आहेत. थोडी उतरवून देते, अक्षरं सुलटी करून.

'आई मी आज कारलं खाल्लं.' त्याच्याखाली, 'खोटं. नाही खाल्लं.'

'आई हिना झोपेत लाथ मारते. तू पण मारायचीस का मला पोटात.' (मला वाटतं त्याला उलट विचारायचं होतं.)

'आई मी बादली भरून आणतो पाणी. सांडत नाही. आजी म्हणते सांडतो.'

'आई तुला पेन नसेल तर सांग.'

एकावर नुसत्या गोल गोल रेघोट्या आहेत. ते हिनाचं. खाली त्यानं लिहिलंय, 'हे हिना बोलली.'

घरी येऊन मी काय केलं माहितीये? मी त्याला समोर बसवलं आणि म्हटलं, खोक्यावर मेणखडूनं लिहायचं नसतं, कागद खराब होतो. म्हणजे बंद कर असंच म्हणायचं होतं मला. शपथ. तोंडापर्यंत आलं होतं.

तो म्हणाला, "पेन्सिलनं लिहिलं तर पोचतं?"

आणि मी म्हटलं, "पेन्सिल चालते."

मोचिझुकीबाईंनी तसं सांगितलं होतंच, पेन्सिल चालते म्हणून. मी खोटं काहीच बोलले नाही.

वहीच्या नोंदींवर टीचरनी लाल पेननं लिहिलंय, 'फार छान! मुलाचा उत्साह इतका टिकून आहे, यामागची प्रेरणा काय असावी? अधिक लिहा.'

कोहारु


१९ ऑगस्ट

वहिनी,

पितर घरी येतात त्या बॉनची सुट्टी संपली. आम्ही बाबांच्या थडग्यावर जाऊन आलो, काकडीचा घोडा इत्सुकीनं केला. "आजोबा याच्यावर बसून येतात ना?" त्यानं विचारलं, आणि आई म्हणाली, "येतात की." म्हणजे मेलेले काकडीवर बसून येतात हे चालतं. जिवंत आई येत नाही एवढंच आम्ही सांगू शकत नाही.

मी एक मूर्खपणा केला. लिहिते.

तुझं काही येईना. मग मी एक रोल घेतला, मधेपर्यंत उलगडला आणि बारीक मार्करनं लिहिलं, 'इत्सुकी, पत्रं मिळाली. आई.' परत गुंडाळला आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला तो सापडला. मी स्वयंपाकघरात श्वास धरून उभी. तो बाहेर आला, कागदाचा तेवढा तुकडा घेऊन. माझ्याजवळ आला आणि तो माझ्या हातात दिला.

"आत्या, हे तुझं अक्षर आहे. तुझी गोल असतात. आईची बारीक."

मी तो तुकडा घडी घालून खिशात टाकला.

"तुला पण पत्र हवं होतं का?" त्यानं विचारलं. रागानं नाही गं. खरंच विचारलं. वर म्हणाला, "मी तुला लिहीन हं. पण आधी आईचं."

वहिनी, हो. मला पण हवं होतं. तुझं. आणि का ते तुला माहितीये.

कोर्टाकडून त्या बाई आल्या होत्या, चौकशीला, मुलं कुणाकडे ठेवायची ते ठरवायला. मी एकोणीसची होते. पहिल्यांदाच कुणीतरी मला मोठ्या माणसासारखं समोर बसवून प्रश्न विचारत होतं. त्यांनी विचारलं, मुलांना कधी एकटं ठेवलं होतं का? आणि मी, हुशार मुलगी, पटकन हात वर केल्यासारखं, "हो, एकदा. वहिनी दुधाची खोकी टाकायला गेली होती. वीस मिनिटं." मिनिटं पण सांगितली. त्यांनी लिहून घेतलं. मला अभिमान वाटला, वहिनी. किती नेमकं आठवलं मला म्हणून.

जे सांगितलं नाही ते असं. मी चार वाजता येणार होते मुलांपाशी बसायला. तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "गल्लीच्या तोंडाशी आलेय, तू नीघ." मी गल्लीच्या तोंडाशी नव्हते. स्टेशनजवळ मैत्रिणींबरोबर पीचचा बर्फाचा गोळा खात होते. ती वीस मिनिटं माझी होती.

त्यांनी ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि तू पण नाही सांगितलंस. मी अहवाल वाचला नाही, पण दादा म्हणाला, शिओरी काही बोललीच नाही त्यावर. का नाही बोललीस? मला वाचवायला? मी काय होते गं, वाचवण्यासारखी?

हे पत्र वाचून तू मला शिव्या दिल्यास तरी चालेल. त्यानिमित्तानं लिहिशील तरी.

पाकिटात कारल्याच्या बिया घातल्यात. इत्सुकीनं लाल गर चाटून साफ केल्यात. "आईकडे पण खिडकी असेल," म्हणाला.

कोहारु


२१ सप्टेंबर

वहिनी,

पत्र परत आलं. नेमकं तेच. लाल शिक्का, 'या पत्त्यावर ही व्यक्ती नाही.' आत बिया खुळखुळत होत्या.

आईनंच पेटीतून काढलं. टेबलावर माझ्यापुढे ठेवलं, उघडलं नव्हतं. म्हणाली, "मागे आपला पत्ता टाकत जाऊ नकोस. तुझ्या दादाच्या हातात पडलं असतं." एवढंच. मग कोबी चिरायला गेली. कितीतरी वेळ चिरत होती.

पहिली तीन परत आली नाहीत. म्हणजे ती पोचली. पोचली ना?

शनिवारी मी घरी लायब्ररीत जाते म्हणून सांगितलं आणि गाडीत बसले. कोफूहून फुजी, एकच गाडी, बदलायची पण नाही. सगळा रस्ता नदीच्या काठाकाठानं. इतकं सोपं आहे गं ते. दीड वर्ष मला वाटत होतं समुद्र ओलांडावा लागेल.

तुमच्या कामगारांच्या वसतिगृहाच्या फळ्यावर तुझं नाव नव्हतं. तिथले काका म्हणाले, "ऑगस्टच्या सुरुवातीला सोडून गेल्या. चांगल्या होत्या. आवाज नव्हता त्यांचा." कुठे गेली ते माहीत नाही. मी विचारलं, पत्रं यायची का तिला? ते म्हणाले, "येत असतील. खोलीत एकट्याच वाचत असतील."

मग कारखान्याच्या कुंपणापाशी गेले. आत दुधाच्या खोक्यांचे गठ्ठे, माझ्या डोक्याच्या वर, दाबून तारेनं बांधलेले. सगळ्या देशातली खोकी. कुठे पांढरी बाजू बाहेर, कुठे छापील. मी जाळीला नाक लावून प्रत्येक पांढऱ्या कडेवर पेन्सिल शोधत होते. त्याच्यासारखीच, वीतवीत. पहारेकरी म्हणाला, "ताई, फोटो काढायला बंदी आहे." माझ्या हातात फोन पण नव्हता.

तिथून फुजी पर्वत पूर्ण दिसतो, पायथ्यापासून. आमच्याकडून नुसतं डोकं दिसतं, दुसऱ्या डोंगरांवरून वाकून बघितल्यासारखं.

घरी येऊन मी दादाला सगळं सांगितलं. खोकी, वीस मिनिटं, बर्फाचा गोळा. तो शर्टाला इस्त्री करत होता. थांबला नाही.

"माहितीये मला," म्हणाला. "शिओरीनं तेव्हाच सांगितलं होतं. तुझं नाव मधे येऊ देऊ नकोस म्हणाली."

"मग तू कोर्टात का नाही—"

"वीस मिनिटांनी कुणाचं घर मोडत नाही, कोहारु." मग बाही उलटली. "आणि मला मुलं हवी होती."

इतकंच बोलला. मी काय करू या वाक्याचं? भांडू? त्याच्याशी भांडायला मी पुरेशी स्वच्छ नाही.


१२ ऑक्टोबर

वहिनी,

हे दुधाच्या खोक्यावर आतून लिहितेय. पेन्सिलनं. पाकीट घालायला पत्ताच नाही, तर म्हटलं तुझ्या मुलाची पद्धत बघू. कागद चांगला आहे हा. थोडा तेलकट लागतो, पण पेन्सिल धरतो.

दादाची बदली झाली. सेंदाईला, पार उत्तरेला. मुलं आणि आई त्याच्याबरोबर. मी कोर्स संपेपर्यंत इथेच, मावशीकडे. उद्या अकराची गाडी आहे. तुला कळवायला हवं होतं, नियमानं पण. मी दादाला म्हटलं, शिओरी वहिनीला कोण सांगणार? तो म्हणाला, "कुठे सांगू?" आणि पहिल्यांदाच मला दिसलं की त्याला पण माहीत नाही तू कुठेयस.

कारल्याचा वेल आज उतरवला. इत्सुकीनं मुळं मातीतून काढली, हिनानं जाळी ओढली आणि धपकन पडली. खोली एकदम उजेडानं भरली, सगळे डोळे मिचकावत उभे. आई म्हणाली, "बघा, किती धूळ होती घरात."

माझा प्रोजेक्ट वर्गात वाचून दाखवला टीचरनी. दहापैकी दहा उपक्रम पूर्ण.

मोचिझुकीबाईंना सांगायला गेलो. त्यांनी इत्सुकीला द्राक्षांचा घोस दिला आणि म्हणाल्या, "तुझ्याएवढी स्वच्छ खोकी कुणीच धूत नव्हतं हो." तो लाजला. पेटीत शेवटचं टाकलं, हात आत घालून नीट पडलंय ना बघितलं. रोल तो अजून उलगडतो, पण आता रोज नाही. रविवारी. पोस्ट रविवारी नसतं हे त्याला माहितीये, तरी रविवारी.

ती अकरा मेणखडूची माझ्याकडेच आहेत. ती मी सेंदाईला पाठवणार नाही. तुझी आहेत ती.

आत्ता दुपारचे तीन वाजलेत. हिना माझ्या शेजारी याच खोक्याच्या कोपऱ्यात गोल गोल काढतेय, दिसेल तुला. इत्सुकी समोर नळापाशी स्वतःचा पेला विसळतोय, उगाच, सवयीनं. आणि मघापासून एकच विचारतोय. मी 'थांब, लिहितेय ना' म्हणून टाळतेय.

"आत्या, सेंदाईतल्या पेटीतली खोकी पण आईकडेच जातात ना?"

परत विचारलं बघ. पेला ठेवून माझ्याकडे बघतोय. आता खोक्यावर जागा पण उरली नाही. तूच सांग वहिनी, मी हो म्हणू, का नाही?